वरची ओळ, खालची ओळ

सोमवार, ४ सप्टेंबर

आलो एकदाचे. टेंपोतून सामान उतरवताना एक बादली फुटली आणि सासूबाईंनी तेवढ्यावरून टेंपोवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. ते सोडलं तर सगळं सुरळीत झालं. खोली वाटली होती त्याहून पुष्कळ चांगली निघाली. छापखान्याच्या मागच्या अंगाला आहे, मधे फक्त फरशीचं अंगण. दोन खिडक्या. एकीतून अंगणातला नळ दिसतो, दुसरीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर चढलेला वेल. आमची जुनी मोठी खाट भिंतीला लागून बरोबर बसली. सासूबाईंचा दिवाण ओट्याच्या बाजूला, मधे पडदा.

मालक स्वतः किल्ली द्यायला आले. जाडजूड माणूस, खिशाला चार-पाच पेनं आणि सही करायची वेळ आली तर एकही उठत नाही. म्हणाले, कॉम्प्युटरवर बसणारं माणूस गेल्यापासून कामं तुंबलीत, तुम्ही आलात ते बरंच झालं. सासूबाईंनी त्यांना लगेच विचारलं की छत गळतं का, उंदीर आहेत का आणि शेजारी भांडकुदळ आहेत का. मालक तिन्हीला नाही म्हणाले. शेवटच्या उत्तराने सासूबाई जरा हिरमुसल्या.

नणंदेने ही वही दिली आहे. रोज जे होईल ते लिही म्हणाली, म्हणजे मोकळं वाटेल. ती सासूबाईंनाही आपल्याकडे चला म्हणत होती, पण त्या आल्या नाहीत. तिकडे सगळे मला फुलासारखं जपतात, म्हणाल्या, इथे निदान भांडायला तू आहेस.

मला मोकळं वाटायचं काही नाही, कारण कोंडल्यासारखंही वाटत नाही. पाय दुमडून बराच वेळ बसलं की तो जसा आपला राहत नाही, तसं झालंय. दुखत नाही. मुंग्याही येत नाहीत. पण आज पडदा लावताना मी गुणगुणत होते, असं सासूबाई म्हणाल्या. म्हणजे बरं चाललंय.

बुधवार, ६ सप्टेंबर

कामाला लागले. माझ्या टेबलासमोर मुद्रितं तपासणारे गृहस्थ बसतात. त्यांना सगळे तोंडावरच ‘स्वल्पविराम’ म्हणतात. पाठीला बाक आहे आणि बोलताना दर दोन शब्दांनी थांबतात. त्यांनाही नाव आवडलेलं दिसतं, फोनवरसुद्धा तेच सांगतात. पलीकडे बांधणीच्या बाई, हातात कायम खळ. त्यांची आणि सासूबाईंची पहिल्याच दुपारी गट्टी जमली.

आज एका शाळेच्या स्मरणिकेचं मास्टर पान केलं. मला हे काम आवडतं. मास्टर पान म्हणजे सगळ्या पानांच्या मागे असलेलं एक पान. त्यावर डोक्याशी एक ओळ टाकायची, ती हेडर. पायाशी एक ओळ आणि पृष्ठांक, तो फुटर. एकदा बसवलं की पुस्तकभर प्रत्येक पानावर आपोआप येतं. पानावरचा मजकूर बदलत जातो, या दोन ओळी बदलत नाहीत. डावीकडच्या पानावर डाव्या कडेला, उजवीकडच्या पानावर उजव्या कडेला, एकमेकांकडे आरशात पाहिल्यासारख्या.

संध्याकाळी सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे शाळेच्या गणवेशासारखं, पोरं निराळी पण कपडे तेच. मी म्हटलं, अगदी बरोबर. त्या म्हणाल्या, मग त्यात एवढं शिकण्यासारखं काय आहे.

शनिवार, ९ सप्टेंबर

आज एक गिऱ्हाईक आलं. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, शर्टाची सगळी बटणं लावलेली. आम्ही त्यांना ‘मोजणीवाले’च म्हणू लागलो. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली. ती हयातभर घरातल्या गमतीजमती लिहून ठेवायची. शेजारणीच्या मांजरावरून झालेली भांडणं, बिघडलेलं शिलाई मशीन, गावाला जाताना चुकलेली गाडी. ते सगळं टाइप करून त्यांनी पेनड्राइव्हवर आणलं होतं. पुस्तक करायचं, घरच्यांपुरतं.

स्वल्पविराम वाचता वाचता हसत होते. मलाही एक वाक्य दाखवलं. ‘मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं, ते ही किती फूट किती इंच असेल अशा नजरेने.’ बाई गमतीची असणार.

हेडरला काय घालायचं असं मी विचारलं. साधारणपणे पुस्तकाचं नाव घालतात किंवा प्रकरणाचं. मोजणीवाले म्हणाले, ते काही नको. वर घाला, ‘उठलात का? चहा ठेवते.’ आणि खाली घाला, ‘दार नीट लावलं ना?’

रोज सकाळी तिचं पहिलं वाक्य ते असायचं आणि रोज शेवटचं हे. सगळ्या पानांवर हवं, म्हणाले.

स्वल्पविरामांनी नियम सांगितला की प्रकरण जिथे सुरू होतं त्या पानावर वरची ओळ घालत नाहीत आणि कोऱ्या पानावर तर काहीच नाही. मोजणीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तिथेही हवं. कोऱ्या पानावरही.

मी त्यांच्यासमोरच बसवून दाखवलं. कोरं पान पडद्यावर आलं तेव्हा ते खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत बसले. वर चहा, खाली दार, मधे पांढरं.

मंगळवार, १२ सप्टेंबर

मोजणीवाले पुन्हा आले. दाढी केलेली, चेहरा टवटवीत. मालकांना सांगत होते की आता ऐकू येतं. सकाळी स्वयंपाकघरातून ती विचारते, उठलात का, चहा ठेवते. स्वच्छ ऐकू येतं. हे त्यांनी, नळाला पाणी आलं असं सांगावं, तितक्या साधेपणाने सांगितलं. मालक बरं बरं म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यांना ओळी मोठ्या हव्या होत्या. टाइप वाढवायचा, वर-खाली जागा सोडायची. मी म्हटलं, मग मजकुराला जागा कमी पडेल. तर म्हणाले, पडू दे. पानं वाढवू का, असं विचारलं. नको म्हणाले, मजकूर जाऊ दे.

मजकूर चौकटीत मावला नाही की कोपऱ्यात एक लहान लाल अधिक चिन्ह दिसतं. म्हणजे याच्यापुढे आहे, पण दिसणार नाही. मी दोन्ही ओळी वाढवत गेले आणि लाल चिन्ह आलं. त्यांनी हाताने आणखी, आणखी असं दाखवलं. शेजारणीचं मांजर गेलं. शिलाई मशीन गेलं. फूट आणि इंचाचं वाक्यही गेलं.

ते गेल्यावर स्वल्पविरामांनी चष्मा काढला. म्हणाले, बाईच्याच दोन ओळींसाठी, अख्खी बाई, कापली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फाइल सेव्ह केली आणि डबा खाल्ला.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

आज दुपारी काम नव्हतं. मी एक नवीन फाइल उघडली.

हे लिहायला काही हरकत नाही. माझा नवरा सकाळी कधीही पहिल्या हाकेला उठला नाही. पांघरुणातून म्हणायचा, ‘अजून पाच मिनिटं.’ रात्री कुठलाही विषय काढला, गळका नळ असो की घर बदलायचं असो, तर कूस बदलून म्हणायचा, ‘उद्या बघू.’ शेवटच्या दिवशीही मी हाक मारली तेव्हा तो अजून पाच मिनिटं म्हणाला. मी कपडे वाळत घालून आले, तोवर तो गेला होता. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल.

मास्टर पानावर वर घातलं, अजून पाच मिनिटं. खाली घातलं, उद्या बघू. मधे काही नाही. माझ्याकडे घालायला काही नव्हतं, तो काही लिहिणारा नव्हता. थोडी कोरी पानं जोडली आणि एकामागून एक बघत गेले. प्रत्येक पानावर तो होता.

एक प्रत छापून घेतली, घडी करून उशीखाली ठेवली आहे. सासूबाईंना सांगितलं नाही. वेडी म्हणतील.

शनिवार, १६ सप्टेंबर

सकाळी जाग आली ती खाट शेजारी दबल्यामुळे. भिंतीच्या बाजूला तो झोपायचा. तिकडून ऊब येत होती. मग आवाज आला, झोपेने जड झालेला, पांघरुणातला. अजून पाच मिनिटं.

मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. काहीच वाटलं नाही म्हणून. बरं, म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटले. इतकी गाढ झोप तो गेल्यापासून लागली नव्हती.

उशिरा उठले. सासूबाई म्हणाल्या, चेहरा जरा बरा दिसतोय. मग दिवसभर काम. रात्री दिवा घालवला तेव्हा भिंतीच्या बाजूने तो म्हणाला, उद्या बघू.

मी काही विचारलंच नव्हतं.

मंगळवार, १९ सप्टेंबर

सासूबाईंना ऐकू आलंय. खरं तर पहिल्याच दिवशी आलं होतं, पण त्यांना वाटलं आपलेच कान वाजतायत. आज सकाळी आवाज आला तशा त्या पडदा सारून आत आल्या. पदर तोंडाशी धरला होता. खाटेच्या पायथ्याशी बसल्या. मी डोळे मिटून पडले होते, पण सगळं ऐकत होते.

त्यांनी त्याला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली. म्हणाल्या, अरे, मी आहे, तुझी आई. तिकडून अजून पाच मिनिटं.

त्या जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, थंडी वाजते का रे. अजून पाच मिनिटं.

मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून असेल, त्यांनी विचारलं, “दुखलं का रे तुला फार?”

कूस बदलल्यासारखी खाट हलली. मग तो म्हणाला, “उद्या बघू.”

सासूबाई उठल्या, ओट्याशी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मुलगा गेला तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर हंबरडा फोडला होता. आज आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती.

नंतर माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हे काय आहे ते सांग म्हणाल्या. मी फाइलचं सांगितलं, उशीखालचे कागद दाखवले. त्यांनी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. म्हणाल्या, आवाज त्याचाच आहे, मी जन्म दिलाय, मला कळतं. पण त्यात तो नाही. हे काढून टाक.

मी हो म्हटलं.

काढलं नाही. थोडी पानं वाढवली आणि ओळी मोठ्या केल्या.

गुरुवार, २१ सप्टेंबर

अजून पाच मिनिटं.

वरची ओळ मी लिहिलेली नाही. वही उघडली तेव्हा तारखेखाली ती होती. अक्षर माझं आहे.

आज सकाळी जाग आली, तो बोलला, मी पडून राहिले. मग उठले तर खिडकीतलं ऊन भिंतीवरून गेलेलं होतं आणि नळावर संध्याकाळचं पाणी भरायला माणसं आली होती. मधे काय झालं ते आठवत नाही. भांडी घासलेली होती. कोणी घासली ते ठाऊक नाही. सासूबाई बाहेर बांधणीच्या बाईंजवळ पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, मी सकाळपासून इथेच आहे. आत बसलं की दुपार होतच नाही, तुला कळलं नाही का अजून. सकाळ होते आणि एकदम अंधारून येतं. काल मी कणीक मळायला घेतली आणि हात धुतले तर रात्र. कणीक परातीत तशीच, वर साल धरलेली. बाहेर ठीक असतं.

त्या घसा बसेपर्यंत बोलत होत्या. बांधणीच्या बाईंनी नंतर सांगितलं की त्या दिवसभर थांबतच नाहीत, कावळ्यांशीसुद्धा भांडतात. गप्प बसलं की वेळ निसटतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

मला वेळ निसटला तर हवाच आहे. दुपारच तर फार मोठी असायची.

उद्या बघू.

शनिवार, २३ सप्टेंबर

अजून पाच मिनिटं.

आज सासूबाईंनी मला दंडाला धरून छापखान्यात नेऊन बसवलं. तिथे दुपार होती. लख्ख. मला विसर पडला होता तिचा.

स्वल्पविराम सकाळी मोजणीवाल्यांकडे मुद्रितं द्यायला गेले होते. आल्यापासून पाण्याचा पेला हातात धरून बसले होते, पीत नव्हते. त्यांनी जे सांगितलं ते असं. दार आतून बंद होतं. खिडकीतून पाहिलं तर मोजणीवाले टेबलाशी बसलेले. शर्टाची बटणं लावलेली, पण आत माणूस निम्माच उरलेला. हाक मारली तर म्हणाले, “उठलात का? चहा ठेवते.” स्वतःच्या तोंडाने, पण बाईचा आवाज. गॅसवर भांडं होतं, त्यात पाणी नव्हतं, बूड जळून गेलेलं. मग ते उठले, दारापाशी आले, कडी चाचपली आणि म्हणाले, “दार नीट लावलं ना?” आणि परत जाऊन बसले. पुन्हा चहा. पुन्हा दार. स्वल्पविरामांनी त्यांना नावाने हाका मारल्या, शेजारी गोळा केले. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. दार तोडून दवाखान्यात नेलं. तिथेही तेच चाललंय.

त्या दोन वाक्यांच्या मधे, स्वल्पविराम म्हणाले, त्या माणसात, आता, काहीही, नाही.

मालक म्हणाले, मग पुस्तक छापायचं की नाही.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

उद्या बघू.

सोमवार, २५ सप्टेंबर

अजून पाच मिनिटं.

काल सासूबाईंनी स्वल्पविरामांना मदतीला घेतलं. माझी फाइल स्वल्पविरामांनी सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पुसली. उशीखालचे कागद सासूबाईंनी अंगणात जाळले आणि राख मोरीत ओतली. मी उभी राहून बघितलं. मग त्या म्हणाल्या, सुटलो.

आज सकाळी खाट दबली. तो बोलला.

फाइल गेली, कागद गेले, तरी आहे. आता ते खोलीतच बसलंय.

मग मी पहिल्यांदा वळून पाहिलं. उशीवर त्याचे केस होते, मागच्या भोवऱ्यासकट. पांघरुणाच्या टोकातून पावलं बाहेर आलेली, डावं उजव्यावर, तसाच झोपायचा. मधे पांघरूण गादीवर सपाट पडलं होतं. मी हात ठेवला. खाली गादी लागली.

किंचाळायला हवं होतं. मी पांघरूण नीट केलं.

उद्या बघू.

मंगळवार, २६ सप्टेंबर

अजून पाच मिनिटं.

सासूबाईंनी बॅग भरली. नणंदेला फोन केला, दोघी येतोय म्हणून. गाडी दुपारची आहे. सकाळी निघायला गाडी नाही, आणि त्या मला उठवायला आत आल्या की दुपारच —

त्यांनी मला उठवलं. मी बसले. पदर सारखा केला. मग अंधार.

गाडी गेली. त्या खाटेशेजारी उभ्या होत्या, बॅग हातात. त्यांचीही दुपार गेली माझ्यापायी. घसा पूर्ण बसलाय त्यांचा, नुसते ओठ हलतात. त्या बोलायच्या थांबल्या तर त्यांचंही मधलं —

उद्या बघू.

बुधवार, २७ सप्टेंबर

अजून पाच मिनिटं.

सासूबाई आज कमी बोलल्या. सकाळी म्हणाल्या, अजून —

त्यांनी स्वतःच तोंडावर हात दाबला. डोळे असे झाले —

मला त्यांची भीती वाटत नाही. त्यांच्यासाठी वाटते बहुतेक. कुठे वाटते ते सापडत नाही. पोटावर हात ठेवला. हात गादीला लागला.

उद्या बघू.

शुक्रवार

अजून पाच मिनिटं

आई म्हणतात बाहेर चल. त्यांना आई म्हणायची मी पूर्वी. आता सासूबाई लिहिते. कधीपासून —

त्या आत यायच्या थांबत नाहीत. सांगितलं, तुम्ही जा. नणंदेकडे जा. त्या मानेने नाही म्हणाल्या.

उद्या बघू

शनिवार

वरची ओळ खोडली आहे. मी नाही. आईंनी. पेन वहीत रुतेपर्यंत खोडली, कागद फाटलाय. मग वही माझ्या मांडीवर ठेवली आणि लिही म्हणाल्या, लिहीत राहा, थांबू नकोस, मी तुला धरलंय. म्हणून लिहितेय. स्वल्पविराम आणि बांधणीच्या बाई अंगणात उभे आहेत, आत यायला धजत नाहीत, पण तिथूनच मोठमोठ्याने काहीतरी बोलतायत, स्वल्पविराम न थांबता बोलतायत, कसलं तरी मुद्रित वाचतायत, मांजराचं आहे, शेजारणीच्या —

आईंनी कमरेला चिमटा काढला. कळलं नाही. दंडाला काढला. कळलं नाही. मग कान धरला आणि पिळला, जोरात, नखं लागली.

दुखलं.

दुखतंय. पुन्हा पिळा म्हटलं. त्या रडतायत आणि पिळतायत. खिडकीत ऊन आहे. भिंतीवरच आहे अजून, वेलाच्या पानांवर आहे, दुपार आहे ही. मागे खाट हलली. तो काहीतरी म्हणणार आहे. वहीत खाली, पानाच्या पायाशी, शाईचा ठिपका यायला लागलाय, माझा हात तिथे नाही तरी. आईंचा हात माझ्या हातात आहे. गरम आहे. ओळ पुरी व्हायच्या आत मी ही वही टाकून उठ